ऑनलाइन डॉक्टरेट आणि वॉर्डातले तास

प्रश्न : सिस्टर, मी गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी आरोग्य केंद्रात स्टाफ नर्स आहे. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा करून पुढे पोस्ट बेसिक बी.एस्सी. केलं. नोकरीला अकरा वर्षं झाली, एम.एस्सी. राहूनच गेलं. पणजीतल्या एका एजंटने अमेरिकेतल्या ‘डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस’ पदवीची माहिती दिली. म्हणाला, सगळं ऑनलाइन, नोकरी सोडायची नाही आणि शेवटी नावाआधी डॉक्टर. नवरा कुंडईच्या कारखान्यात पाळीवर जातो, मुलगी चौथीत आहे. घर सोडून शिकायला जाणं मला जमणार नाही. सोसायटीतून कर्ज काढायची तयारी आहे. पैसे भरू का?
— एक वाचक, वाळपई

उत्तर : आत्ता एक पैसाही भरू नकोस. तू मला सिस्टर म्हणालीस, म्हणून अगं-तुगं करते. राग मानू नकोस. तुझी शिकायची ओढ मला पत्रातून दिसते. मी स्वतः दोन मुलं झाल्यावर, एकेचाळिसाव्या वर्षी एम.एस्सी. केलं, त्यामुळे ‘आता कशाला’ हे वाक्य माझ्याकडून तुला ऐकायला मिळणार नाही.

आधी ही पदवी काय आहे ते सांगते. डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस, म्हणजे डीएनपी, ही खरी आणि मानाची पदवी आहे. अमेरिकेतल्या नर्सिंग महाविद्यालयांच्या संघटनेने २००४ साली ठराव केला, की रुग्णाजवळ राहून वरच्या पातळीचं काम करणाऱ्या परिचारिकांचं शिक्षण डॉक्टरेटपर्यंत जावं. तेव्हापासून हे अभ्यासक्रम तिथे झपाट्याने वाढले. पीएच.डी. करणारी नवं ज्ञान शोधते. डीएनपी करणारी सिद्ध झालेलं ज्ञान आपल्या वॉर्डात उतरवते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीवर जखम का होते, हा पहिलीचा प्रश्न. आपल्या वॉर्डात ती कमी कशी करायची आणि कमी झाली हे दाखवायचं कसं, हा दुसरीचा.

आता ‘सगळं ऑनलाइन’. व्याख्यानं, चर्चा, निबंध ऑनलाइन असतात, हे खरं. पण प्रत्यक्ष कामाचे तास ऑनलाइन होत नाहीत. २००६ साली ठरलेल्या चौकटीत बी.एस्सी.नंतरचे किमान १००० तास देखरेखीखाली काम करणं धरलेलं होतं. पुढे चौकट बदलली, पण रुग्णांजवळचे तास काही सुटले नाहीत. हे तास प्रत्यक्ष दवाखान्यात, प्रिसेप्टर म्हणजे शेजारी उभी राहून शिकवणाऱ्या अनुभवी व्यक्तीच्या नजरेखाली भरायचे. बऱ्याच ठिकाणी प्रिसेप्टर शोधायची जबाबदारीही विद्यार्थिनीवरच असते.

माझी डिचोलीची एक विद्यार्थिनी अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे रुग्ण तपासून उपचारही ठरवणारी परिचारिका आहे. तिने नोकरी सांभाळून हे शिक्षण केलं. तिचा प्रकल्प असा : हृदय कमकुवत झालेला रुग्ण घरी गेला, की दोन दिवसांच्या आत त्याला फोन करायचा. रोज सकाळी वजन करता का, पाय सुजलेत का, गोळ्या आणल्या का, एवढंच विचारायचं. वजन दोन-तीन दिवसांत भराभर वाढलं, तर शरीरात पाणी साठतंय हे धाप लागायच्या आधी कळतं. काम साधं दिसतं ना? फोन कोणी करायचा यावरच तिचे चार महिने गेले. नर्सेसना पटवणं, डॉक्टरांना पटवणं, कागद एका पानाचा करणं. ‘सिस्टर, पुस्तकं सोपी होती, माणसं वळवणं कठीण,’ असं ती मला रात्री फोनवर सांगायची.

ते ऐकताना मला माझी जुनी वही आठवायची. पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात रात्रपाळीला असताना मी रुग्णांना दर दोन तासांनी कूस बदलून द्यायचं वेळापत्रक सुरू केलं होतं. जखमा कमी झाल्या, हे माझ्या डोळ्यांना दिसत होतं. वरिष्ठांनी विचारलं, आधी किती होत्या? माझ्याकडे उत्तर नव्हतं. आधी मोजलंच नव्हतं. माझी बदली झाली आणि वेळापत्रक भिंतीवरून उतरलं. ती हळहळ अजून आहे. अशा जखमेचा धोका गुणांत मोजणारी ब्रेडन स्केल १९८७ पासून छापील उपलब्ध आहे. ६ ते २३ गुण, १८ किंवा खाली आला तर धोका. तेव्हा रोज एक आकडा लिहिला असता, तर त्या कागदाला वजन आलं असतं. डीएनपी शिकवते ते हेच, आणि म्हणून मला ती पदवी आवडते.

पण तुझ्यासाठी? अमेरिकेतल्या बहुतेक ठिकाणी प्रवेशालाच तिथल्या एखाद्या राज्याचं आर.एन. म्हणजे नोंदणीकृत नर्सचं लायसन्स लागतं, म्हणजे आधी त्यासाठीची एनक्लेक्स परीक्षा. बी.एस्सी.वरून थेट गेलीस तर साधारण तीन ते चार वर्षं. शिवाय तिकडचे संध्याकाळचे सात म्हणजे न्यूयॉर्कच्या घड्याळाने आपल्याकडे पहाटेचे साडेचार, हिवाळ्यात साडेपाच. वर्ग संपवून तू लेकीचा डबा करणार आणि केंद्रावर धावणार. पाळीच्या घरात हे किती महिने निभेल, ते तूच ठरव.

आणि पदवी हातात आल्यावर गोव्यात तिचं काय? इथे डीएनपीसाठी वेगळी जागा नाही, औषध लिहून देण्याचा अधिकारही तिने मिळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांत ऑनलाइन शिकवता येणार नाहीत अशा विषयांत नर्सिंग आहे, आणि पीएच.डी.सुद्धा. त्यामुळे ऑनलाइन पदवी इथे मानली जाईल, असं धरून चालू नकोस. एजंटला तीन गोष्टी लेखी विचार : अभ्यासक्रमाला सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंगचे अभ्यासक्रम तपासणाऱ्या अमेरिकी संस्थांची मान्यता आहे का, भारतात राहणाऱ्या नर्सला प्रवेश देता का, आणि वाळपईत बसून माझे तास कुठे, कोणाच्या देखरेखीखाली भरायचे. तिसऱ्या प्रश्नावर तो गप्प होईल, असं मला वाटतं.

अमेरिकेला जायचं नक्की असेल तर आधी एनक्लेक्स, मग बाकीचं. इथेच राहायचं असेल तर बांबोळीच्या नर्सिंग इन्स्टिट्यूटमध्ये एम.एस्सी.ची चौकशी कर आणि खात्यात अभ्यास रजेचा अर्ज कसा करायचा ते विचार. क्रिटिकल केअर नर्स प्रॅक्टिशनरचा भारतीय परिचर्या परिषदेचा अभ्यासक्रमही आहे, पण तो दोन वर्षांचा, पूर्णवेळ रुग्णालयातच काम करत शिकायचा आहे.

तोवर एक काम तुझ्या केंद्रावरच कर. मधुमेहाच्या रुग्णांची कार्डं काढ. गेल्या तीन महिन्यांत किती जणांचे पाय तपासल्याची नोंद आहे, ते मोज. बोटांमधली भेग, रंग, आणि दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने, म्हणजे टेकवून पाहायच्या नायलॉनच्या तंतूने, संवेदना. तपासायला पाच मिनिटं पुरतात. वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी घे, रुग्णांची नावं लिहू नकोस. काही बदलायच्या आधीचा तो आकडा मला गणेशचवथीपर्यंत कळव. पुढे काय करायचं ते आपण दोघी मिळून ठरवू.