कंपनीची टूल्स एआय एजंटला नीट वापरता यावीत म्हणून डॉक्युमेंटेशन कसं लिहावं?

तुम्ही लिहिलंय की ऑर्डर आणि रिफंडची टूल्स एमसीपी सर्व्हरमधून (एआय एजंटला बाहेरची टूल्स जोडायची एक प्रमाणित पद्धत म्हणजे एमसीपी) एजंटला जोडली, विकीवर सविस्तर डॉक्युमेंटेशनही आहे, तरी एजंट कधी भलतंच टूल उचलतो तर कधी रक्कम चुकीची पाठवतो. मी एपीआयचं, म्हणजे दोन सॉफ्टवेअर्स ज्यातून एकमेकांशी बोलतात त्या सोयीचं, डॉक्युमेंटेशन लिहिण्याचंच काम करतो, त्यामुळे आधी एवढंच विचारतो: विकीचं ते पान एजंटला दिसतं का? बहुधा नाही. टूल निवडताना एजंटमागच्या एआय मॉडेलसमोर प्रामुख्याने तीनच गोष्टी असतात: टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा जेसन स्कीमा, म्हणजे कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याचा आराखडा. जे या तिन्हींत नाही ते एजंटच्या लेखी कुठेच नाही.

नवा डेव्हलपर अडला की शेजारच्याला विचारतो. एजंट बरेचदा विचारत नाही, अंदाज बांधतो आणि पुढे जातो. म्हणून टीममध्ये सगळ्यांना तोंडपाठ असलेल्या आणि त्यामुळेच कुणी कधी न लिहिलेल्या गोष्टी आधी लिहा.

तुमचंच रिफंडचं टूल घ्या. समजा वर्णन आहे, ‘रिफंड प्रोसेस करतं’. रक्कम रुपयांत द्यायची की पैशांत? भारतातल्या पेमेंट गेटवेंच्या एपीआयमध्ये ती बरेचदा पैशांत द्यावी लागते. ग्राहक म्हणाला ‘500 परत करा’, एजंटने 500 पाठवले, तर ग्राहकाच्या खात्यात 5 रुपये जाणार. एररही येणार नाही, कारण 500 ही वैध रक्कम आहे. मी ते वर्णन असं लिहीन:

‘एका ऑर्डरचे पैसे पूर्ण किंवा अंशतः परत करतं. ऑर्डर अजून रवाना झाली नसेल तर हे वापरू नका, कॅन्सल ऑर्डर वापरा. त्यात रिफंड आपोआप होतो. रक्कम पैशांत, पूर्णांकात: 500 रुपयांसाठी 50000. रक्कम दिली नाही तर पूर्ण रिफंड होतो. एकदा केलेला रिफंड मागे घेता येत नाही. ऑर्डर क्रमांक माहीत नसेल तर आधी सर्च ऑर्डर्स वापरा, अंदाजाने भरू नका.’

यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य दुसरं आहे. टूल काय करतं हे सगळेच लिहितात. ते कधी वापरायचं नाही आणि त्याऐवजी काय वापरायचं, हे क्वचितच कुणी लिहितं. भलतंच टूल उचललं जाण्याचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं. शिवाय पॅरामीटरचं नाव नुसतं ‘अमाउंट’ न ठेवता ‘अमाउंट इन पैसे’ ठेवा. स्टेटससारख्या ठिकाणी चालणाऱ्या व्हॅल्यू वर्णनात सांगत बसण्यापेक्षा स्कीमातच एनम (ठरावीक पर्यायांची यादी) म्हणून द्या.

तारखांकडे विशेष लक्ष द्या. 03/04/2025 म्हणजे 3 एप्रिल की 4 मार्च? आयएसओ 8601 या तारखा लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे 2025-04-03 असं मागा आणि टाइमझोन लिहा. सर्व्हर यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर आपल्याकडे रात्री 12 ते पहाटे 5:30 मध्ये आलेली ऑर्डर तिथे आदल्या दिवसात मोडते. ‘कालच्या ऑर्डर्स दाखव’ म्हटल्यावर काही ऑर्डर्स गायब होतात त्या अशा.

एरर मेसेज हाही डॉक्युमेंटेशनचाच भाग धरा, कारण एजंट तो वाचून पुढचं पाऊल ठरवतो. ‘इनव्हॅलिड रिक्वेस्ट’वरून त्याला काहीच कळत नाही. ‘75000 पैसे मागितले, पण या ऑर्डरवर 50000 पैसेच परत देता येतात. किती परत करायचे ते ग्राहकाला विचारा’ असं लिहा. शेवटचं वाक्य गाळलंत तर एजंट न विचारता 50000 चा रिफंड करून मोकळा होऊ शकतो. टाइमआउट झाल्यावर तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवली तर चालेल की दोनदा रिफंड होईल, हेही स्पष्ट लिहा.

पण म्हणून सगळी विकीच वर्णनात ओतू नका. वर्णनं मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे एका वेळी त्याच्यासमोर मावणाऱ्या मजकुरात, जागा खातात आणि कामाचं वाक्य गर्दीत हरवतं. ‘गेट ऑर्डर’ आणि ‘फेच ऑर्डर डिटेल्स’ अशी जुळी टूल्स असतील तर वर्णनं घासत बसू नका, एकच ठेवा.

एका बाबतीत मात्र शब्दांवर अजिबात विसंबू नका. एमसीपीत ‘डिस्ट्रक्टिव्ह हिंट’ लावून टूल धोक्याचं आहे असं सांगता येतं, पण ती फक्त सूचना आहे, अडसर नाही. मोठ्या रकमेच्या रिफंडला माणसाची मंजुरी हवी असेल तर ती अट सर्व्हरच्या कोडमध्येच घाला.

हे सगळं झाल्यावर सपोर्टच्या तिकिटांतली ग्राहकांची खरी वाक्यं घ्या, नावं-नंबर काढून टाका आणि टेस्ट सर्व्हरवर एजंटला द्या. कोणतं टूल कोणत्या व्हॅल्यू देऊन बोलावलं ते लॉगमध्ये बघा आणि चुकलं तिथलं वर्णन दुरुस्त करा. प्रत्येक दुरुस्तीनंतर सगळी वाक्यं पुन्हा चालवा, कारण रिफंडचं वर्णन सुधारल्यावर कॅन्सलची निवड बिघडू शकते.