राबाईला निघण्याआधी

प्रिय मुली,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

केनियात किलिफीकडे, राबाईजवळच्या खेड्यात तुझं जायचं पक्कं झालं हे वाचून फार आनंद झाला. मात्र तुझ्या पत्रातलं 'जिथे सुवार्ता पोहोचलेली नाही' हे वाक्य निघण्याआधी मनातून काढून टाक. राबाईत मिशन सुरू झालं १८४६ साली. क्राफ आणि रेबमान या दोघा जर्मनांनी ते काढलं. रेबमान १८७५ पर्यंत त्या भागात राहिला, डोळे गेले तरी हलला नाही, पण त्याच्या हातून बाप्तिस्मा घेतलेली माणसं थोडकीच. ख्रिस्ती मंडळी रुजली ती आफ्रिकन माणसांच्या हातून, आणि त्यांतली काही आपल्या नाशिकहून गेली होती.

हा इतिहास आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही. गुलामांच्या गलबतांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला आणली जात. त्यांतली कित्येक नाशिकला शरणपूरच्या मिशनवस्तीत वाढली, हातांना कसब आलं, पवित्र शास्त्र शिकली. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे त्यांतलेच. १८६० च्या दशकात ते राबाईला गेले आणि १८८५ मध्ये दोघांना धर्मसेवेची दीक्षा मिळाली. जोन्सच्या काळात किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम राबाईत आसऱ्याला येत. मालक चवताळलेले, मिशनच्या वरिष्ठांनाही हे नकोसं, तरी त्याने त्यांना थारा दिला. शेवटी मालकांना भरपाई देऊन १ जानेवारी १८८९ ला राबाई आणि आसपासच्या मिशनांवरच्या १४०० हून अधिक माणसांना मुक्तीचे कागद मिळाले. स्वतः लहानपणी विकला गेलेला माणूस तिथे सुवार्ता सांगत होता. त्या जागी तू जातेस, तेव्हा आधी मंडळीत बसून ऐक.

रविवारची उपासना लांबते. घड्याळ पाहू नकोस. बायका कायांबा वाजवतात: बोरूच्या काड्यांची चपटी चौकट, आत बिया, दोन्ही तळव्यांवर धरून डावी-उजवीकडे झुलवायची. वाळू सरकल्यासारखा आवाज येतो आणि पाय आपोआप हलायला लागतात. तुला गिटार न्यायची आहे, ने. पण सुरुवातीचे महिने ती खोलीतच राहू दे. आपल्या मंडळ्यांत पेटी, तबला, झांजा आल्या तेव्हाच भक्ती आपल्या गळ्यातून निघायला लागली. तिथे ते घडून गेलेलं आहे, तू त्यांची गाणी शिक. दानाच्या वेळी ज्याच्याजवळ रोकड नाही तो नारळ, मका आणतो, कुणी पाय बांधलेली कोंबडी आणतं, आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. तिथे भाव वाढवून शोभा करू नकोस. गावातल्या लोकांना घेऊ दे.

आता जे मला कळकळीने सांगायचं आहे ते. तिथल्या किनाऱ्यावरच्या मिजिकेंदा लोकांची काया नावाची पवित्र रानं आहेत. त्यांतली काही २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. तिथे वडीलधाऱ्यांच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नकोस, आणि व्यासपीठावरून त्या जागांना सैतानाचं घर म्हणू नकोस. किलिफीत जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांचे खून पडतात, आणि पुष्कळदा मागे जमिनीचं भांडण असतं. चेटकिणींवर उत्साहाने केलेला एखादा उपदेश एखाद्या आजोबांच्या जिवावर बेतू शकतो. उपदेशकाने हे विसरणं मला अक्षम्य वाटतं.

याच किलिफी जिल्ह्यात, शाकाहोलाच्या जंगलात, २०२३ साली एका पंथाच्या अनुयायांचे ४०० हून अधिक मृतदेह उकरून काढावे लागले. उपाशी राहिलं की येशू भेटेल, अशा विश्वासाने माणसं गेली, लेकरंसुद्धा. म्हणून तुझ्या शास्त्राभ्यासाच्या वर्गात बायकांना प्रश्न विचारायला लाव. 'हे कुठे लिहिलंय, दाखव' असं त्यांनी तुला म्हटलं पाहिजे. म्हणाल्या नाहीत तर वर्ग नीट चाललेला नाही असं समज. तापाने फणफणलेलं मूल कुणी प्रार्थनेला आणलं, तर प्रार्थना थोडक्यात कर आणि आईबरोबर दवाखान्यात जा. तिथे मलेरिया वाट पाहत नाही.

पैसे, कपडे परस्पर वाटू नकोस. जे द्यायचं ते तिथल्या पाळकांच्या आणि महिला मंडळाच्या हाती दे, तुझ्या नावाशिवाय. मुलांचे फोटो आई-बापांना विचारल्याशिवाय इकडे पाठवू नकोस, मग आपली मंडळी कितीही मागो.

स्वाहिली आत्ताच सुरू कर. दारात उभं राहून 'होदी' म्हणायचं आणि आतून 'करिबू' आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, एवढं तर येऊ दे. पहिल्या रविवारी तुला पाहुणी म्हणून उभं करतील. 'ब्वाना असिफिवे', म्हणजे 'प्रभूची स्तुती असो', म्हण, नाव सांग, नाशिकच्या मंडळीचा सलाम सांग आणि खाली बस. उपदेश तिथले पाळक करतील.

तिकिटाची तारीख कळव. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलून घे.

तुझी,
मावशी