बदलाच्या काळात कॅमेरा बाजूला ठेवू नकोस

नोकरी सुटली, घर बदललं, आई-वडील थकले, की कॅमेरा आधी कपाटात जातो. तसं होऊ देऊ नकोस. अशा वेळी स्वतःसाठी एक प्रोजेक्ट हाती घे, आणि विषय लांब शोधत बसू नकोस.

अमेरिकन छायाचित्रकार निकोलस निक्सन यांनी १९७५ पासून पत्नी आणि तिच्या तीन बहिणींचा दरवर्षी एक कृष्णधवल फोटो जपला. चाळीसहून अधिक वर्षं, चौघींचा क्रम तोच! क्रम हलला नाही म्हणूनच चेहऱ्यांवरचं वय इतकं स्पष्ट दिसतं.

तूही काहीतरी पक्कं धर: एकच ५० मिमी लेन्स, तीच खिडकी. वडिलांचे हात टिपताना प्रकाश बाजूने येऊ दे, शिरा-सुरकुत्या उठून दिसतात. समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट. पण आधी त्यांना विचार. नको म्हणाले तर नुसतं शेजारी बस.

रॉ फाइल्स, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइल्स, ठेव, घाईने काही डिलीट करू नकोस. दुःखात असताना निवड करू नये, हे माझं ठाम मत. तेव्हा रडवणारा प्रत्येक फोटो चांगलाच वाटतो. काही महिने जाऊ देत, मग छोटे प्रिंट काढून जमिनीवर मांड आणि क्रम लाव.