बाबांना हुडहुडी, सुनेला घाम

‘हिवाळा आला की घरात हीटरवरून रोज खटके उडतात, एकाला थंडी सोसत नाही, दुसऱ्याला गुदमरल्यासारखे होते, तिसऱ्याला विजेच्या बिलाची धास्ती. काय करावे?’ हा प्रश्न डिसेंबर-जानेवारीत माझ्याकडे हमखास येतो. अशा वेळी वादाच्या मुळाशी दडलेले काही शोधण्याची घाई समुपदेशकाने करू नये, असे माझे ठाम मत आहे. पुष्कळदा भांडण थंडीचेच असते.

नाशिकमधील एका कुटुंबाचा अनुभव, ओळख पटणार नाही अशा बेताने, सांगते. सत्तरी ओलांडलेले वडील गच्चीखालच्या, दोन बाजूंनी उघड्या भिंती असलेल्या खोलीत झोपत. ‘बाबा, एवढी कुठे थंडी आहे?’ असे म्हणत मुलगा रोज रात्री त्यांचा हीटर बंद करी. एके रात्री त्यांनी दार-खिडक्या लावून घेऊन कोळशाची शेगडी पेटवली. धुराचा वास खाली आला म्हणून सून वर धावली आणि अनर्थ टळला. निखारे फुलून धूर थांबल्यावर कोंडणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नसतो, वासही नसतो. त्यानंतर तिघेही माझ्याकडे आले.

वयानुसार स्नायू कमी होतात, शरीरात उष्णता कमी तयार होते आणि त्वचेतील रक्तवाहिन्या ती धरून ठेवण्यासाठी पूर्वीइतक्या चटकन आकुंचन पावत नाहीत. उलट पन्नाशीच्या उंबरठ्यावरील सुनेला रजोनिवृत्तीमुळे खोली जराशी तापली तरी दरदरून घाम फुटत असे. दोघांनाही आजवर ‘नसते लाड’ एवढेच ऐकावे लागले होते, हे मला फार लागले. मुलाची काळजीही खोटी नव्हती : २००० वॉटचा हीटर तासाला २ युनिट खातो, आठ तास चालला तर १६, आणि महिनाभर असे चालले की बिल वरच्या दराच्या टप्प्यात जाते.

मी त्यांना दोन्ही मजल्यांवर तापमापक ठेवायला सांगितले. पहाटे वडिलांच्या खोलीत १५ अंश आणि खालच्या मधल्या खोलीत १९ अंश दिसले, तेव्हा मुलगा गप्प झाला. जागतिक आरोग्य संघटनेने थंडीच्या दिवसांत घरासाठी सुचवलेली किमान पातळी १८ अंशांची आहे आणि वृद्धांसाठी त्याहून अधिक ऊब लागू शकते, हे मी त्याला सांगितले. वडिलांची खाट खाली आली, डॉक्टरांकडून थायरॉइड व हिमोग्लोबिनची तपासणी झाली, अंथरुणात गरम पाण्याची पिशवी आली आणि हीटर झोपण्यापूर्वी व पहाटे एकेक तास लावण्याचे ठरले. सून आपल्या खोलीत पंखा लावून झोपते, नवरा दुसरी गोधडी घेतो. वडिलांच्या हीटरचे बटण त्यांना विचारल्याशिवाय कोणी बंद करायचे नाही, ही अट मात्र सुनेने घातली आणि मुलाने ती मान्य केली.