गटारातून उलटं येणारं पाणी

प्रश्न: पणजीत अठरा जून रस्त्यालगत तळमजल्यावर आमचं दुकान आहे. पाऊस थांबून तास उलटला तरी मागच्या मोरीतून पाणी वर येतं. गटार मे महिन्यातच उपसून घेतलं होतं. – एक दुकानदार, पणजी

उत्तर: गटार मोकळं असलं की पाणी जायला मोकळं, तसं यायलाही. शहराचा हा सखल भाग दलदल बुजवून झालेला. इथलं पाणी सांतइनेज नाल्यातून नाहीतर मळ्याकडच्या ओरें खाडीतून मांडवीत जातं. भरती असली की मांडवी ते घेत नाही, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला परत ढकलते.

आधी खात्री करा. चेंबरच्या आत दर 5 सेंटिमीटरवर ऑइलपेंटची रेघ मारा. मुरगाव बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता शेजारी ठेवून तीन-चार दिवस पातळी टिपा. भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते. पाणी वर येण्याची वेळही रोज तशीच पुढे सरकत गेली, तर दोष नदीच्या पातळीचा.

उपाय खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या) मानशीचाच, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराचा. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने दार उघडतं, भरतीला बाहेरच्या दाबाने मिटतं. तुमच्या बाहेर जाणाऱ्या पाइपवर (बहुधा 110 मिमी) असाच झडपेचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. पण चेंबरमध्ये, हात पोचेल असा. भिंतीत गाडलात तर संपलं. गुटख्याची एक पुडी झडपेत अडकली तरी फट राहते आणि दुकानात घोटाभर पाणी. म्हणून आधी जाळी लावा, पावसाळ्यात दर आठवड्याला झडप पुसा.

झडप मिटली की तुमच्याच छपराचं पाणी आत अडकतं, हे बहुतेकजण विसरतात. 80 चौरस मीटर छप्पर, तासाला 40 मिमी पाऊस: 3,200 लिटर. ते साठवायला 500 लिटरचा खड्डा केलात तरी दहा मिनिटांत भरेल, त्यामुळे फ्लोटवर चालणारा अर्ध्या अश्वशक्तीचा पंप हवाच. त्याचा पाइप पुराच्या खुणेच्या वर नेऊन मगच खाली वळवा, नाहीतर पंप थांबताच पाणी त्याच वाटेने परत. रस्ताच बुडाला असेल तर मात्र पंप तेच पाणी फिरवत बसतो. त्या वेळी उंबऱ्यावर रबरपट्टीची फळीच कामाची.

छपराचं पाणी मलनिस्सारणाच्या चेंबरात कधीच सोडू नका. ते कोणाच्या तरी शौचालयातून वर येतं.

प्रश्न: दुकानासमोरच्या झाडाला पेव्हर अगदी खोडापर्यंत लावलेत. झाड कलतंय. तोडून घ्यावं का? – एक वाचक, मडगाव

उत्तर: परवानगीशिवाय नाही, 1984 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज द्या. पालिकेला सांगून खोडाभोवती निदान 1 मीटरपर्यंतचे पेव्हर आणि खालचं काँक्रीट काढून घ्या. कुदळीने नाही, सब्बलीने हळू, मुळं वाचवत. मोकळ्या जागेत माती खोडावर चढवू नका, बुंधा कुजतो. जमिनीला नवी भेग दिसली किंवा कल वाढत असला, तर अर्जाच्या उत्तराची वाट न बघता अग्निशमन दलाला कळवा आणि खालच्या गाड्या हलवा.