रॅम ६०००ची घे, उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाल

अरे, गेमिंगचा पीसी जोडतोयस तर ७२०० वेगाच्या रॅमच्या मागे लागू नकोस. रायझन ७६०० प्रोसेसर घेतोयस ना, मग डीडीआर५ प्रकारची ६०००ची रॅम पुरे. पण सीएल ३० बघून घे; सीएल म्हणजे रॅम उत्तर द्यायला किती ठोके घेते तो आकडा, जितका कमी तितका बरा. खोक्यावर ६००० ठळक असतं, सीएल बारीक अक्षरात. सीएलला २०००ने गुण आणि वेगाने भाग: ६०००, सीएल ३० म्हणजे १० नॅनोसेकंद, ६४००, सीएल ४० म्हणजे १२.५. आकडा मोठा, उत्तर उशिरा!

१६-१६ जीबीच्या दोनच पट्ट्या घे. चार लावल्या की वेग उतरवावा लागतो. प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसव. मग बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्स्पो, म्हणजे रॅम खोक्यावरच्या वेगाने चालवणारी सोय, चालू कर, नाहीतर ६०००चे पैसे मोजून ४८००वर खेळत बसशील. पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहते. मेमरी ट्रेनिंग, म्हणजे पीसीची नव्या रॅमशी जुळवणी, चाललेलं असतं, घाबरून बटण दाबू नकोस. नंतर टास्क मॅनेजरमध्ये वेग तपास.

लॅमिंग्टन रोडचा, म्हणजे मुंबईत ग्रँट रोडजवळच्या कॉम्प्युटर बाजारातला, भाव आधी फोनवर विचार. फरक शे-दोनशेचाच असेल तर सरळ ठाण्यातून घे. उद्या पट्टी बिघडली तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला हेलपाटे कोण घालणार?