गुडघ्यातल्या सुया आणि पांढरा डबा

प्रश्न : डॉक्टरबाई, माह्यं वय ५४. चार वर्षांपासून दोन्ही गुडघे दुकतात. निंदाले बसली का भिंत नाही तर कोणाचा हात लागते उठाले. बाजाराच्या गावात दर मंगळवारी एक जण अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचते अन् चिनी जडीबुटीच्या कॅप्सूल देते. डबा पांढरा, काहीच लिवलं नाही. म्हणते, बीपीची गोळी बंद करा. शेजारीण महिन्यापासून घेऊन राह्यली, ते तर भिंगरीसारखी फिरते. जावई म्हणतात जा, पोरगा म्हणते नको. काय करू?
– एक शेतकरी वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : ताई, सुयांपुरतं जावयांचं ऐका, डब्यापुरतं पोराचं.

सुया मी स्वतः टोचून घेतल्या आहेत. स्कूटरवरून पडले होते, मान अशी आखडली की मागून येणारी बैलगाडी बघायला पूर्ण अंग वळवावं लागे. सुई केसासारखी बारीक. आत जाताना फारसं कळत नाही; मग तिथे जड-जड वाटतं, आतून हलका ठणका येतो. चिनी वैद्य याला ‘दे छी’ म्हणतात आणि ते जाणवलं की सुई नेमकी बसली असं धरतात. वीस मिनिटं पडून राहायचं. तिसऱ्या खेपेला मान वळली. आता सुयांनी की दिवस गेले म्हणून, हे मी छातीठोक सांगणार नाही. गुडघ्यांवर तर खऱ्या आणि खोट्या सुया टोचून तुलना झाली आहे, फरक थोडाच निघतो. दुखणं काही दिवस हलकं होईल, झीज भरून येणार नाही.

मंगळवारवाल्याला आधी नोंदणी क्रमांक विचारा. अ‍ॅक्युपंक्चरसाठी महाराष्ट्रात २०१५ चा कायदा आहे, राज्याची परिषद आहे. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे आणि टोचून झालं की ती सुई फेकली पाहिजे. स्टीलच्या डबीतून काढून स्पिरिटनं पुसत असेल तर चप्पल घाला आणि निघा. ‘ब’ आणि ‘क’ काविळी अशाच सुयांतून घरी येतात.

आता तो पांढरा डबा. चिनी आहे म्हणून मी नाक मुरडत नाही. गडचिरोलीत मेंदूत जाणाऱ्या मलेरियावर जी गोळी देतात, तिच्यातलं औषध ज्यापासून बनतं ते आर्टेमिसिनिन चिनी वनस्पतीतूनच आलं. चिनी शास्त्रज्ञ थू योयो यांनी जुन्या ग्रंथात वाचलं की झाड पाण्यात भिजवून पिळायचं, उकळायचा उल्लेखच नव्हता. त्या धाग्यावरून कमी तापमानात अर्क काढला आणि २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. पण त्या गोळीवर नाव आहे, मात्रा आहे. तुमच्या डब्यात काय आहे, देव जाणे. चिनी औषधांत ज्येष्ठमध फार वापरतात. आपल्याही घरात असतो, खोकल्याला चघळतो. पण रोज, भरपूर, महिनाभर पोटात गेला तर बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. माहुआंग नावाची त्यांची वनस्पतीही बीपी चढवते. म्हणजे गोळी बंद करायला सांगणारा हाच डबा गोळीची गरज वाढवू शकतो. ती गोळी एक दिवसही चुकवू नका.

गुडघ्यांचा एक्स-रे ग्रामीण रुग्णालयात काढून घ्या. खाटेवर बसून एक पाय सरळ करायचा, दहा आकडे मोजायचे, खाली ठेवायचा. असं प्रत्येक पायानं दहादा, सकाळ-संध्याकाळ. निंदताना उकिडवं बसू नका, बुडाखाली पाट घ्या. बाया हसतील, हसू द्या.

मला खरी काळजी तुमच्या शेजारणीची आहे. अशाच औषधानं आठवड्यात भिंगरी झालेला एक कापूस वेचणारा गेल्या दिवाळीत माझ्याकडे आला होता, चेहरा भाकरीसारखा फुगलेला, साखर ३०० च्या वर. दुखण्याच्या अशा बिननावाच्या औषधात अनेकदा स्टिरॉइड असतं. तिला म्हणावं, मनानं एकदम बंद करू नको, त्यानंही माणूस कोसळतो. डबा पिशवीत घालून याच आठवड्यात डॉक्टरकडे जा. तुम्हीही सोबत जा, तेवढंच तुमचं बीपी मोजून होईल.